घरातल्या रोजच्या बायबल वाचनासाठी कोणती पद्धत धरावी?

बावखल

सलाम आणि जय ख्रिस्त. दोन्ही म्हणते, कारण माझा प्रश्न या दोन्हींच्या मधेच अडकलाय.

माहेर वसईचं, कॅथलिक. सासर नगर जिल्ह्यातलं, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळीतलं. आता पिंपरीत असतो. घरात सासरे (आमचे पप्पा, वय ७६, निवृत्त मुख्याध्यापक), नवरा, नववीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. रात्री जेवणं झाली की ताटं उचलायच्या आधी कुटुंबप्रार्थना, हा पप्पांच्या वडिलांपासूनचा रिवाज. एक गीत, एक अध्याय, प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वीस मिनिटांचं काम.

अध्याय वाचायचे ते पप्पाच. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत ओळीने, आणि प्रकटीकरण संपलं की दुसऱ्या रात्री पुन्हा 'प्रारंभी देवाने'. आता त्यांना दिवसाउजेडी मोठा टाइप जेमतेम दिसतो, रात्री दिव्याखाली नाहीच. परवा त्यांनी ग्रंथ माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "सूनबाई, आजपासून वाचन तुमच्याकडे. काय वाचायचं, कसं वाचायचं, तुम्हीच ठरवा."

खूण होती यहेज्केलच्या ४० व्या अध्यायात. तिथून ४८ पर्यंत मंदिराची मापं. देवडीची रुंदी दहा हात, लांबी तेरा हात, मग पहारेकऱ्यांच्या खोल्या, मग खिडक्या. धाकटी दुसऱ्या मिनिटाला माझ्या मांडीवर झोपली. थोरला म्हणतो मोबाईलवर वाचनाचा प्लॅन लावू. नवरा चाकणला जाता-येता कंपनीच्या बसमध्ये ऑडिओ ऐकतो, त्यामुळे त्याचं म्हणणं "रात्री थोडकंच वाचा". माझ्या माहेरी त्या दिवशीच्या मिस्सातले (चर्चमधल्या उपासनेतले) ठरलेले पाठ वाचतात, मला तेच अंगवळणी पडलंय.

जे घरात रोज वाचतात त्यांनी सांगावं: ओळीने, प्लॅनने, चर्चच्या पाठांप्रमाणे, की विषय धरून? खाजगी वाचनाबद्दल विचारत नाहीये, चार पिढ्यांतल्या नसल्या तरी तीन पिढ्यांतल्या माणसांनी एका जागी बसून ऐकायचं आहे.

जुना_करार

ताई, मी तुमच्या पप्पांच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

बायबलमध्ये (आमच्या ६६ पुस्तकांच्या) १,१८९ अध्याय. जुन्या करारात ९२९, नव्यात २६०. एकट्याने रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पार पडतं. घरात रोज एक धरला तर सव्वातीन वर्षं लागतात. लागू द्यात. तिसरीतली मुलगी बारावीत जाईपर्यंत दोनदा सगळं ऐकून होईल.

ओळीने वाचण्यातली खरी कमाई अशी, की काय वाचायचं ते आपण निवडत नाही. निवडायला गेलं की माणूस २३ वं स्तोत्र, डोंगरावरचं प्रवचन आणि १ करिंथ १३ यांच्यातच फिरत राहतो. आमच्याकडे गणना २७ ओळीनेच समोर आलं. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर उभ्या राहून म्हणतात, बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का जावं, आम्हाला वतन द्या. आणि देव म्हणतो, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. त्या रात्री आमच्या घरात गावाकडच्या जमिनीवरून बहिणींच्या हिश्शाची जी बोलणी झाली, ती कुठल्या प्लॅनने काढली असती सांगा. कुणी पाळक या उताऱ्यावर संदेश देताना मी तरी ऐकलेला नाही.

घंटेवाला

बावखल ताई, वसईकराकडून जय ख्रिस्त. मग मी माहेरची बाजू घेतो.

मिस्साचे पाठ म्हणजे नुसते निवडक उतारे नव्हेत, त्यालाही ओळ आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली ही नवी पाठमाला आली. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात (ईस्टरच्या आधी) व पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतर). सनाला तीनने नि:शेष भाग गेला की ते क वर्ष, एवढं लक्षात ठेवलं की पुरे (मात्र वर्ष आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून सुरू होतं, जानेवारीपासून नाही). आठवड्यातल्या दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांचं, विषम सनाला एक आणि सम सनाला दुसरं. शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच: सामान्यकाळात (सण-उपवासांचे काळ सोडून उरलेल्या वर्षात) आधी मार्क, मग मत्तय, मग लूक, रोज थोडं थोडं.

घरासाठी यातली सोय अशी की उतारा लहान असतो. पहिलं वाचन, स्तोत्र, शुभवर्तमान मिळून आठ-दहा मिनिटं. शिवाय त्या दिवशी तुमच्या आईच्या घरी तेच वाचलं जात असतं. फोनवर आई विचारेल, "आजचं ऐकलंस?"

एक अडचण तुमच्याच घरात येणार. आमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं. पाठमालेत कधी टोबीत येईल, कधी मकाबी, कधी सिराख, आणि पप्पांच्या ग्रंथात ते सापडणार नाही. त्या दिवशी स्तोत्र आणि शुभवर्तमान एवढंच घ्यावं, वाद कशाला.

जुना_करार

घंटेवाला, तुमच्या पाठमालेत सलाफहादाच्या मुली येतात का?

घंटेवाला

रोजच्या पाठांत नाही येत. मान्य. पण यहेज्केलची मापंही येत नाहीत हो.

सूर्यफूल_तेल

पुन्हा एक धार्मिक धागा. रोज नवीन काहीतरी वाचा ना, तेच ते पुस्तक किती वर्षं?

पारायणप्रिय

सूर्यफूल, धागा उघडायची सक्ती नाहीये. :)

मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे ज्ञानेश्वरी. पण प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. आमच्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. सप्ताहातलं पारायण: अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, सात दिवसांत संपवायचंच, अर्थाकडे थांबायला वेळ नाही, गावाने मिळून पूर्ण केलं यातच आनंद. आणि नित्यपाठ: रोज हरिपाठ, किंवा मोजक्या ओव्या, सावकाश. पारायणाचं माप नित्यपाठाला लावलं की माणूस दमतो, आणि नित्यपाठाच्या चालीने पारायण संपत नाही. तुमच्या सासऱ्यांचं वाचन मला संथ पारायण वाटतं, माहेरचं नित्यपाठ. दोन्ही एकाच वीस मिनिटांत बसवायचा अट्टहास नको.

चार_अध्याय

वरचा प्रतिसाद फार नेमका. या धाग्यावर रॉबर्ट मरे मॅकचेन यांचं नाव अजून कसं आलं नाही याचंच नवल, कारण बावखल ताईंचा प्रश्न त्यांनी जवळपास तसाच हाताळला होता.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात सेंट पीटर्स मंडळीचे ते पाळक. १८४२ च्या शेवटी त्यांनी आपल्या मंडळीसाठी पुढच्या वर्षाचं वाचनाचं कॅलेंडर केलं. (नगरकरांसाठी अवांतर: त्याच १८४२ साली नगरला 'ज्ञानोदय' सुरू झालं.) रोज चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. आजही हा तक्ता जगभर वापरतात आणि बरेचजण चार अध्याय बघूनच पळतात. पण मूळ तक्त्यात दोन रकाने आहेत, हे विसरलं जातं. एक कुटुंबाचा, एक एकांताचा. १ जानेवारीला घरात उत्पत्ति १ आणि मत्तय १, एकांतात एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १. म्हणजे घरात सगळ्यांसमोर दोनच अध्याय, आणि तेही सकाळी एक, संध्याकाळी एक.

मला त्याहून आवडतं ते त्यांनी तक्त्यासोबत लिहिलेलं निवेदन. फायदे सांगायच्या आधी धोके सांगितलेत. वाचन नुसता उपचार होईल. "माझं आजचं झालं" म्हणून माणूस स्वतःवर खूश होईल. घाईघाईत डोळ्यांखालून घालेल. आणि काहींना हे जू झेपणार नाही, त्यांना सांगितलंय की ही बेडी फेकून द्या आणि देवाच्या गोड बागेत मोकळे चरा. स्वतःच्याच प्लॅनबद्दल इतकं सरळ लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फायद्यांत एक असा दिलाय की रोज काय वाचावं या शोधात वेळ जात नाही, आणि आईबापांना मुलांना प्रश्न विचारायला ठरलेला विषय मिळतो.

ते कॅलेंडर त्यांना पुरतं वापरता आलं नाही. मार्च १८४३ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी गेले.

तर माझं मत: घरच्या रकान्यातला फक्त एक अध्याय घ्या. एकांताचा रकाना ज्याचा त्याला.

रात्रपाळी

मी नर्स. रात्रपाळीच्या आठवड्यात घरच्या प्रार्थनेला नसतेच, म्हणून मला तारखेवर बांधलेले प्लॅन पटत नाहीत. मोबाईलवर लाल आकडा दिसतो, इतके दिवस मागे. तो आकडा बघून वाचन सुटलेल्या माझ्याच वॉर्डातल्या तीन सिस्टर्स सांगू शकते.

तारीख काढून टाका. 'दिवस १, दिवस २' असंही नको. खूण जिथे आहे तिथून पुढे. लग्नाला गेलात, पाहुणे आले, लाईट गेली, तर त्या रात्रीचं राहिलेलं दुसऱ्या रात्री दुप्पट वाचून भरू नये. मुलांना ते गृहपाठाचा दंड वाटतो.

स्तोत्रांचा एक जुना हिशेब मात्र मला जमतो. इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात, १५४९ पासून, १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत वाटलीत, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. पहिल्या तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. आज कितवी तारीख एवढं बघायचं. चुकली तर चुकली, पुढच्या महिन्यात त्याच तारखेला ती परत येतातच. हे तारखेवर बांधलेलं असून जाचत नाही, कारण मागे पडणं असं काही त्यात नसतंच.

फुलांचा_फोटो

एवढं कशाला? रोज एक वचन पुरे. वचनपेटीतून एक चिठ्ठी काढायची, सगळ्यांनी म्हणायची, प्रार्थना करायची. आमच्या फॅमिली ग्रुपवर मी रोज सकाळी सहाला वचन टाकते. आजचं यिर्मया २९:११. "तुमच्या हिताचे संकल्प" वालं.

चार_अध्याय

फुलांचा_फोटो ताई, राग मानू नका, पण तुम्ही नेमकं तेच वचन निवडलंत म्हणून लिहितो.

यिर्मया २९ हे पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना. ११ च्या आधीचं १० वं वचन वाचा: बाबेलची सत्तर वर्षं भरली म्हणजे मी तुमचा समाचार घेईन. आणि ५ वं: घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परत जायला मिळणारच नव्हतं. त्यांना सांगितलं जातंय, इथेच संसार मांडा, या परक्या शहराचं कल्याण मागा. हित आहेच, पण ते नातवंडांच्या वाट्याचं. फुलांच्या फोटोवर हे मावत नाही. माझ्या ओळखीत एकाने व्हिसाच्या मुलाखतीच्या दिवशी हेच वचन मिळालं म्हणून नोकरी आधीच सोडली होती.

वचनाच्या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. तिलाही मोठी परंपरा आहे. जर्मनीत हेर्नहूट गावी झिंझेनडॉर्फ यांनी १७२८ साली मोरेव्हियन मंडळीला रोजचं एक वचन द्यायला सुरुवात केली, दारोदार जाऊन सांगायचे. १७३१ पासून त्याची छापील पुस्तिका निघते, आजतागायत. पण तिथेही जुन्या करारातलं वचन चिठ्ठीने निघालं तरी त्याला जोडून नव्या करारातलं वचन विचार करून निवडतात. सुटं सोडत नाहीत.

फुलांचा_फोटो

राग कसला. पण तुमच्यासारखं सत्तर वर्षांचं गणित करत बसले तर माझ्या आत्याला सकाळी सहाला आधार कोण देणार? ती एकटी असते, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. एक ओळ तिला पुरते दिवसभर.

चार_अध्याय

हे मात्र खोडून काढता येत नाही.

संडेस्कूलवाली

मी मूळ प्रश्नाकडे येते, कारण आठ वर्षांच्या मुलीबद्दल कुणी बोलतच नाहीये.

या वयाचं मूल गोष्ट ऐकतं, उपदेश ऐकत नाही. पत्रं वाचायला घेतलीत तर रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातच ती तुमच्या मांडीवर पुन्हा झोपेल. मार्कपासून सुरू करा. १६ अध्याय, सगळ्यांत लहान शुभवर्तमान, येशू सतत कुठेतरी निघालेला असतो, पाळण्यापासून सुरुवातही नाही. सलग मोठ्याने वाचलं तर साधारण दीड तासाचं सगळं. त्यानंतर रूथ (४ अध्याय), योना (४), एस्तेर (१०). नंतर उत्पत्ति घ्या, पन्नास अध्याय, त्यातला योसेफाचा भाग ३७ पासून आहे आणि मुलं पुढची रात्र येईपर्यंत थांबत नाहीत. निर्गम २० पर्यंत वाचा. २५ ते ३१ निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं आणि ३५ पासून तीच मापं परत. तिथे पप्पांची परवानगी काढून पुढे जा.

आणि ओळीने वाचणाऱ्यांना एक विनंती. शास्ते १९ (एका बाईवरच्या अत्याचाराची गोष्ट) लहान मुलांसमोर वाचू नका. पवित्र शास्त्रात आहे म्हणून आठ वर्षांच्या मुलीने ते जेवणानंतर ऐकलंच पाहिजे असं नाही. आधी स्वतः वाचून ठेवणं हे घरात वाचणाऱ्याचं काम आहे.

वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा. "काय शिकलीस?" विचारू नका, त्याला मुलं ठरीव उत्तर देतात, "चांगलं वागावं." त्यापेक्षा "तू तिथे असतीस तर कुठे उभी राहिली असतीस?" मार्क २ मध्ये चार माणसं छप्पर उकलून पक्षाघात झालेल्याला खाली सोडतात. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, मी घरमालक असतो, आणि म्हणालो असतो आता पत्रे कोण बसवणार. त्या दिवशी वर्ग अर्धा तास जास्त चालला.

पेन्सिलवाला

नववीतल्या मुलाचं वेगळं करा. त्याला मोबाईलवरचा प्लॅन नको, वही द्या. फिलिप्पैकरांस पत्र, चार अध्याय. रोज सगळंच्या सगळं वाचायचं, महिनाभर तेच. वहीत तीन गोष्टी: काय दिसलं, अर्थ काय, मी काय करणार. पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो. दुसऱ्यात त्याला स्वतःहून दिसेल की आनंदाबद्दल इतकं लिहिणारा माणूस कैदेत आहे. कुणी सांगून ते कळण्यात मजा नाही.

मोठ्याने वाचताना सगळ्यांनी एकच भाषांतर धरा, एवढी सूचना. पप्पांकडे बायबल सोसायटीचं असणार, तुमच्याकडे फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्यात बघायचं केलं की मुलांचं लक्ष फरक शोधण्यातच जातं.

घंटेवाला

पेन्सिलवाला, तुमची वही आणि आमची मठातली जुनी रीत शेजारशेजारच्याच. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन संन्याशाने शिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवापुढे राहणं. तुमची तिसरी ओळ "मी काय करणार", त्याची तिसरी पायरी "मी काय मागणार". मला दुसरं जास्त पटतं. पंधरा वर्षांच्या पोराला रोज रात्री नवा निश्चय करायला लावलं की पंधराव्या दिवशी तो खोटं लिहायला लागतो.

पेन्सिलवाला

खोटं लिहिलं तरी वहीत राहतं. सहा महिन्यांनी त्यालाच वाचायला मिळतं.

घटनाक्रम

उशिरा आलो. इतिहासाच्या क्रमाने वाचायची पद्धत कुणीच सांगितली नाही. २ शमुवेल ११-१२ मध्ये दावीद, बथशेबा आणि नाथानाची मेंढीची गोष्ट वाचली की त्याच रात्री दावीदाच्या पश्चात्तापाचं ५१ वं स्तोत्र. एज्राच्या पाचव्या अध्यायात हाग्गय आणि जखऱ्या संदेष्टे उभे राहतात, तिथे थांबून हाग्गयाचे दोन अध्याय. संदेष्टे सुटे वाचले की कोण कुणावर चिडलंय ते कळत नाही, राजांच्या मधे ठेवले की कळतं. तोटा एकच, शुभवर्तमानापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. घरात लहान मूल असेल तर एवढा वेळ येशूची गोष्ट थांबवून ठेवू नये असं माझं मत आहे.

रात्रपाळी

बावखल ताई, एक विचारू? पप्पांचं काय? तुम्ही सगळ्यांचं लिहिलंत, पण ज्यांचं वाचन खरोखर थांबलंय ते तेच. घरचं वाचन त्यांनी तुम्हाला दिलं, त्यांचं पहाटेचं स्वतःचं वाचन चालू आहे का?

बावखल

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून मी पप्पांना विचारलं. नाही चालू. पहाटे उठतात, ग्रंथ उघडून मांडीवर घेतात आणि पाठ असलेली स्तोत्रं म्हणतात. १, २३, ९१, १०३, १२१. आम्हाला वाटायचं वाचतायत.

काल रात्री बसून ठरवलं. पप्पांना मॅकचेनच्या दोन रकान्यांचं सांगितलं, त्यांना ते फार पटलं. म्हणाले, "मी इतकी वर्षं एकांताचा रकाना तुम्हा सगळ्यांना ऐकवत होतो की काय." मग स्वतःच हसले.

घरात सोमवार ते शनिवार मार्कपासून, एका रात्री एक अध्याय, मोठा असला तर अर्धा. तारखा नाहीत. मार्क संपला की रूथ, मग उत्पत्ति. रविवारी रात्री माझ्या माहेरचं, म्हणजे त्या रविवारच्या मिस्सातलं शुभवर्तमान, कारण सकाळी पप्पांनी त्यांच्या चर्चमधला संदेश ऐकलेला असतो आणि मग दोन्हींवर बोलणं होतं. यावर नवरा म्हणाला, "म्हणजे रविवारी दोन संदेश." त्याला ताटं उचलायला लावली.

पप्पांनी एक अट घातली. यहेज्केल अर्धवट सोडायचा नाही. उरलेले नऊ अध्याय आधी पुरे करायचे. मुलगी कुरकुरली, मग थोरल्याने वहीत मंदिराचा नकाशा काढायला घेतला, पप्पा सांगतील तशी मापं. पूर्वेची देवडी, मग अंगण, मग उत्तरेची देवडी. धाकटी फूटपट्टी धरते. एक हात म्हणजे किती सेंटिमीटर यावरून दोघांची मारामारी झाली, कारण यहेज्केलमधला हात साध्या हातापेक्षा चार बोटं मोठा आहे असं त्याच अध्यायात लिहिलंय. कुणी झोपलं नाही.

जुना_करार काका, तुमच्या सलाफहादाच्या मुली मी पप्पांना सांगितल्या. त्यांना पाचही नावं तोंडपाठ. शाळेत हजेरी घेतात तशी म्हणून दाखवली.

राहिलं पप्पांचं एकांताचं. मोबाईलवरचं ऑडिओ लावून दिलं तर त्यांना मागचं संगीत नकोसं होतं, आणि स्क्रीनवर बोट लागलं की भलतंच काहीतरी सुरू होतं. कुणी काही सोपं केलंय का?

जुना_करार

हजेरीसारखी! पप्पांना माझा सलाम सांगा.

फुलांचा_फोटो

आत्यासाठी आम्ही एक केलंय. तिच्या भाच्याने मोबाईलवर स्वतःच्या आवाजात अध्याय रेकॉर्ड केले, एक अध्याय एक फाईल, आणि मेमरी कार्डात भरून छोट्या स्पीकरला लावलं. भजनं ऐकायचे ते मिळतात ना, बटणांचे, तसला. स्क्रीन नाही. पुढे, मागे, थांब, तीनच बटणं. 'पुढे'च्या बटणावर तांदळाचा दाणा फेव्हिक्विकने चिकटवला, बोटाला कळतो. थोरल्याला सांगा, रोज रात्री दोन अध्याय रेकॉर्ड केले तरी पप्पांच्या आधी तोच पुढे जाईल.

पेन्सिलवाला

हे वहीपेक्षा चांगलं. मागे घेतो माझं.

बावखल

थोरला तयार आहे! यशयापासून सुरुवात, पप्पांनी सांगितलंय. पण 'महेर-शालाल-हाश-बज' (यशयाच्या मुलाचं नाव) म्हणताना तीनदा अडखळला, तर ते तसंच ठेवायचं की पुन्हा करायचं?

फुलांचा_फोटो

तसंच ठेवा, आत्या तर त्या जागा यायची वाट बघते. फक्त फाईलींना नाव देताना आकडा आधी आणि तीन अंकी द्या, ००१, ००२ असा. नाहीतर स्पीकर १ नंतर थेट १० वाजवतो आणि पप्पा यशयाच्या दुसऱ्या अध्यायाची वाट बघत बसतील.